खाऱ्या पाण्याचा हिशेब

फिश टँकसाठी समुद्राचं पाणी घरी बनवायचं तर आधी पाण्यातलं सगळं काढून टाकावं लागतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, उजनी धरणाच्या पाण्यासोबत येणारे नायट्रेट-फॉस्फेट, बोअरच्या पाण्याचा जडपणा, सगळं. आधी आरओ, मग उरलेसुरले क्षार धरणारं रेझिनचं नळकांडं, आणि शेवटी विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य. त्या कोऱ्या पाण्यात मग मोजून मीठ. यात एकच गोष्ट अडचणीची आहे. एक लिटर कोरं पाणी देताना आरओ दोन-तीन लिटर पाणी बाजूला टाकून देतो.

हे वाक्य सोलापुरात मोठ्यानं म्हणायला धीर लागतो. आमच्याकडं कुठल्या पेठेला कुठल्या दिवशी पाणी, हे बायकांना तोंडपाठ असतं. नळाला रोज पाणी येणारं गाव कसं असतं ते आम्ही पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडं जाऊन बघतो. पाहुणे बोलवायचे, गोधड्या भिजवायच्या, माहेरी जायचं, हे सगळं पाण्याचा दिवस धरून ठरतं. अशा घरातल्या सुनेनं हॉलमधल्या गोड्या पाण्याच्या फिश टँकचा प्रवाळांसकट समुद्र करायचा म्हटल्यावर सासूबाई काय म्हणणार?

‘‘प्यायचं पाणी आपण मापानं घ्यायचं, अन् हिला घरात समुद्र पायजे.’’

नवऱ्याचे मित्र त्याला चिडवून गेले, ‘‘काय बे, वहिनी आता होडी पण आणणार का?’’ शेजारच्या काकांनी तर रत्नागिरीहून ट्रकभर कॅन आणायचा सल्ला दिला.

मला मात्र तेव्हाही वाटत होतं आणि आता खात्री आहे, की हे काम पाण्याची चंगळ असलेल्या गावापेक्षा आमच्याच गावाला जास्त जमण्यासारखं आहे. का, ते सांगते.

आधी जुन्या टँकबद्दल थोडं. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. त्यात एंजेल, निऑन टेट्रा, गप्पी, काळ्या मोली, काचेवरचं शेवाळ खाणारा एक सकर मासा आणि जावा फर्नचं रान. गोड्या पाण्याचा टँक बरंच काही पोटात घालतो. दोन दिवस खाणं जास्त पडलं, पाणी बदलायला आठवडा उशीर झाला, तरी चालून जातं. झाडं आहेत, ती ओढून घेतात. मीही वर्षानुवर्षं तसंच चालवलं आणि सुखानं चालवलं. पण मी बँकेत कॅशला बसते. संध्याकाळी हिशेब जुळल्याशिवाय उठता येत नाही, ही सवय हाडात मुरलेली. जिथं हिशेब लागतोच असा टँक करून बघावा, अशी एक खाज होती.

जुन्यातलं बहुतेक सगळं गेलं. झाडं वाटली, लाकडं काढली, रंगीत खडी एका शाळेच्या टँकला दिली, मासेही तिकडंच गेले. सकर कुणी घेईना. चांगला वीतभर झाला होता. ‘‘संभाजी तलावात सोडून द्या, पुण्य लागेल,’’ असं सांगणारे तीन-चार जण भेटले. हे पुण्य मला नको होतं. घरच्या टँकमधले सकर असेच कुणीतरी सोडलेले उजनीपर्यंत पोचले आहेत आणि तिथल्या कोळ्यांच्या जाळ्यांची त्यांच्या काट्यांनी चाळण होते. शेवटी दुकानदारानं तो परत घेतला, तोही उपकार केल्यासारखा चेहरा करून.

एक तपासणी मात्र टाळण्यासारखी नसते. या टँकमध्ये कधी तांब्याचं औषध पडलंय का? माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले की बरेच जण ते घालतात. मासे ते सोसतात, पण दगड आणि वाळू तांबं धरून ठेवतात, हळूहळू सोडतात, आणि प्रवाळ, कोळंबी, गोगलगाई यांना ते अगदी थोड्या प्रमाणातही मारतं. आमच्याकडं ठिपक्यांवर खडेमीठच चालत आलं, म्हणून काच निर्धास्त होती. सासूबाईंचा तांब्याचा हंडा तेवढा टँकपासून लांब, स्वयंपाकघराच्या पलीकडच्या कोपऱ्यात गेला. त्यांना ते फारसं आवडलेलं नाही.

उरलं ते काच, लोखंडी स्टँड आणि काळ्या मोली. मोली का उरल्या ते पुढं येईलच.

मिठाकडं वळू. ‘‘मीठच ना? किराणातनं आण की,’’ असं म्हणणाऱ्यांना मी आता कंटाळत नाही, कारण त्या निमित्तानं मला आवडती गोष्ट सांगायला मिळते. समुद्रात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातला सुमारे ८५ टक्के वाटा स्वयंपाकाच्या मिठाचा. उरलेल्यात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम. प्रवाळ जगतात ते त्या उरलेल्यावर. त्यांना लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आणि त्याच्या तिप्पट मॅग्नेशियम लागतं. किराणातल्या पुड्यात त्यातलं काही नसतं.

१८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ नावाचं ब्रिटिश जहाज जगभरचे समुद्र मोजत फिरलं. त्यानं आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञानं तपासले. कुठल्या समुद्राचं पाणी जास्त खारट निघालं, कुठल्याचं कमी. पण या क्षारांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण सगळीकडं जवळजवळ तेच. पाऊस पडो, नद्या मिळोत, बर्फ वितळो, पाणी कमी-जास्त होतं, वाटे बदलत नाहीत. जगातल्या सगळ्या शाखांचा ताळेबंद असा एकसारखा लागलेला बघून कॅशियरला काय वाटत असेल, याची कल्पना करा.

या ठिकाणी थोडं विषयांतर. आम्ही सोलापूरकर समुद्र म्हटलं की पश्चिमेकडं बघतो. कोकण, गणपतीपुळे, मुंबईची सहल, सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं जाऊन बघितलेलं तारापोरवाला मत्स्यालय. आमचं पाणी मात्र उलट दिशेनं जातं. भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हणजे ज्या समुद्राशी आमचं खरं नातं आहे, तो आमच्यातल्या बहुतेकांनी बघितलेलाही नाही.

आणि त्याहून जवळचा एक समुद्र आहे, तो आम्ही रोज झाडतो.

टँक भरायच्या आधी वजनाचा प्रश्न आला. पाणी, दगड, वाळू, काच मिळून तीनशे किलोच्या वर जाणार. घर जुन्या पेठेतलं, तळमजला, खाली शहाबादी फरशी. गवंडी बोलावला. त्यानं फरशीवर पहारीच्या टोकानं ठोकून आवाज ऐकला आणि म्हणाला, ‘‘हत्ती बांधा ताई, काय होत न्हाई.’’ त्यानंतर मी त्या फरशीविषयी वाचायला बसले. शहाबाद कलबुर्गीच्या पुढं, वाडी जंक्शनच्या अलीकडं. तिथला हा दगड चुनखडीचा. भीमेच्याच नावानं ओळखल्या जाणाऱ्या एका प्राचीन खोऱ्यात, उथळ समुद्राच्या तळाशी थरावर थर बसत तो झाला. वय ५० कोटी वर्षांहून जास्त. त्या समुद्रात मासे नव्हते, शंख-शिंपलेही नव्हते. आपला काळा कातळ, दख्खनचा बेसाल्ट, त्यामानानं अगदी अलीकडचा, साडेसहा कोटी वर्षांचा. तो लाव्हा पसरला तेव्हा हा समुद्रतळ कधीचा दगड होऊन बसलेला होता.

फरशीवर लिंबू पिळलं तर बारीक फेस येतो आणि डाग कायमचा पडतो. म्हणून आमच्या घरात लिंबू चिरणारीला बजावून सांगतात. तो फेस म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटमधून सुटणारा कार्बन डायऑक्साइड. टँकमध्ये मी पोतं फोडून जी पांढरी वाळू ओतली, तीही कॅल्शियम कार्बोनेटचीच, फक्त तिच्या स्फटिकाची घडण वेगळी. वाळूच्या दोन इंचांखाली काच, काचेखाली थर्माकोल, प्लाय, लोखंड आणि त्याखाली पुन्हा तेच द्रव्य. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘‘म्हंजे समुद्र होताच की घरात. मग एवढा खर्च कशाला केलास?’’ याला उत्तर नाही.

यंत्रांचं वर्णन मी थोडक्यात उरकते, कारण त्यात रमणारे पुष्कळ आहेत. खाली सम्प, म्हणजे टँकला जोडलेली दुसरी टाकी, त्यात स्किमर. स्किमर बारीक बुडबुड्यांचा फेस करून पाण्यातली घाण वर काढतो, आणि असा दाट, टिकणारा फेस खाऱ्या पाण्यातच नीट धरतो, म्हणून गोड्या पाण्याच्या घरगुती टँकमध्ये तो दिसत नाही. पाणी खेळतं ठेवणारे दोन वेव्हमेकर, कारण प्रवाळाला जागचं हलता येत नाही, पाण्यालाच त्याच्याकडं जावं लागतं. निळसर एलईडी. बस. या छंदात यंत्रांची हाव सुटते आणि सुटली की थांबत नाही. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ साली आपली पद्धत लिहून प्रसिद्ध केली, ती समुद्रातला जिवंत दगड, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर चालत होती, हे मी दुकानात शिरताना मनात म्हणत असते.

दगड मांडून, पाणी भरून टँक रिकामाच ठेवावा लागतो. पाण्यात अमोनिया तयार होतो, एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट. ही माणसं कामाला लागेपर्यंत आठवड्यांवर आठवडे जातात आणि हॉलमध्ये दिवे लावलेला, पाणी खळाळणारा, मासा नसलेला टँक उभा असतो. येणारा प्रत्येक जण वाकून बघतो, मग आपल्याकडं बघतो. एक मावशी तर हलक्या आवाजात विचारून गेल्या, ‘‘सगळेच गेले का गं?’’

आता मोली. मोली दुकानात गोड्या पाण्यात विकतात, पण त्यांची जात खाडीच्या मचूळ पाण्यातही राहणारी. सवय हळूहळू लावली तर त्या पूर्ण खाऱ्या पाण्यात राहतात, पिल्लंही देतात. दवाखान्यातली सलाईनची नळी लावून मी थेंब थेंब खारं पाणी त्यांच्या बादलीत सोडत गेले. ही नळी लावताना लक्षात आलं, माणसाच्या सलाईनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं आणि माशांच्या रक्ताचं प्रमाणही त्याच्याच आसपासचं आहे. मासा नदीतला असो की समुद्रातला, आतून तो तेवढाच खारट. फरक बाहेरच्या पाण्याचा.

आणि या फरकातून जे घडतं ते मला अजूनही विलक्षण वाटतं. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरचं पाणी आपोआप शिरत राहतं. त्याला प्यावंच लागत नाही, उलट आलेलं पाणी तो सतत, भरपूर, पातळ लघवीवाटे फेकत राहतो. समुद्रातल्या माशाचं उलट. बाहेर ३५ ग्रॅम मीठ, आत ९-१०, त्यामुळं त्याच्या अंगातलं पाणी सारखं बाहेर ओढलं जातं. चहूबाजूंनी पाणी असलेला तो प्राणी कायम सुकत असतो. म्हणून तो समुद्र पितो, कल्ल्यांतून मीठ बाहेर टाकतो आणि लघवी करतो ती अगदी थोडी, जेवढ्यास तेवढी. मोलीनं बादलीतल्या त्या काही तासांत हा सगळा व्यवहार उलटा फिरवला. गोड्या पाण्यातली उधळपट्टी बंद, थेंबाथेंबाची राखण सुरू. सासूबाईंना हा भाग सांगितला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा टँकसमोर खुर्ची ओढली. ‘‘ही आपल्यातली हाय,’’ म्हणाल्या.

त्या दिवसापासून आरओचं टाकाऊ पाणी त्यांच्या ताब्यात गेलं. निळं पिंप, त्यावर झाकण, बाजूला मग. फरशी पुसायला किती, मोरीला किती, पायपुसण्या-चादरींना किती, वाटणी त्यांची. घरात पाणी वाढलं नाही की कमी झालं नाही, एकाच पाण्याची दोन कामं झाली. पाणी साठवणं, झाकणं, मोजणं, पुरवणं, कमी पडणार याचा अंदाज दोन दिवस आधी बांधणं, ही कौशल्यं आमच्या घरात बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या कमावलेली. रीफ टँकला, म्हणजे प्रवाळांच्या टँकला, नेमकी तीच लागतात. ज्याच्या नळाला चोवीस तास पाणी आहे त्याला ती मुद्दाम शिकावी लागत असतील.

प्रवाळाची वस्ती तर गरिबीतलीच. उजनीचं पाणी उन्हाळ्यात हिरवंगार होतं, कारण पुण्याकडचं सांडपाणी त्यात खत ओतत राहतं. श्रीमंत पाणी गढूळ असतं. प्रवाळाभोवतीचं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, कारण त्यात खायला जवळपास काही नसतं. अशा उपाशी पाण्यात एवढी गजबज कशी, हे डार्विनचं कोडं म्हणूनच ओळखलं जातं. समुद्रतळाचा एक टक्काही प्रवाळांनी व्यापलेला नाही, पण सागरी जातींतला सुमारे चौथा हिस्सा त्यांच्या आधारानं राहतो. उत्तर काटकसरीत आहे. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर साखर बनवून प्रवाळाला देतं, प्रवाळाचा टाकाऊ नायट्रोजन शैवालाला मिळतो. बाहेर काही जात नाही. आमच्याकडची मालदांडी ज्वारी अशीच, मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेल्या वाणाची. पाऊस गेल्यावर काळ्या जमिनीत राहिलेल्या ओलीवर वाढते, आणि जास्त पाणी दिलं की उलट रुसते. रीफ टँकमध्ये नवखे लोक कमी देऊन क्वचितच बिघडवतात. बिघडतं ते जास्त खाऊ घातल्यानं.

सोलापूरचा उन्हाळा मात्र खरा शत्रू. प्रवाळाला २५ ते २७ अंश हवेत. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी एखाद अंशानं वर जाऊन काही आठवडे तसंच राहिलं तरी समुद्रातले प्रवाळ आपल्या अंगातलं शैवाल टाकून पांढरे पडतात. आणि इथं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर. पाणी थंड करणारं चिलर यंत्र आहेच, पण त्याच्या आधी मी पंख्याचा आधार घेते, आणि इथंही आमचं गाव कामाला येतं. हवा कोरडी असल्यानं पाण्यावर वारा घातला की वाफ झपाट्यानं होते. दोनशे-सव्वादोनशे लिटर पाणी एका अंशानं थंड करायला ४०० मिलिलिटरच्या आत पाणी उडालं तरी पुरतं. कूलर असाच तर चालतो. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय निम्माही लागू पडत नसेल. फक्त उडतं ते पाणी, मीठ मागं राहतं. खारटपणा चढत जातो आणि रोज कोरं पाणी घालून तो जागेवर आणावा लागतो. मे महिन्यात हे टॉप-अपचं पाणी काही लिटरवर जातं. त्यासाठी वेगळा कॅन, त्यावर खडूनं तारीख. वीज गेली की बॅटरीवरचा हवेचा पंप. वीज जाते, हे गृहीत धरूनच इथं सगळं मांडायचं असतं.

प्रवाळांच्या खरेदीबद्दल मला जरा स्पष्ट बोलायचं आहे. कठीण सांगाड्याचे प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे हे २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, समुद्री घोडेही तेव्हाच त्यात घातले गेले. म्हणजे संरक्षण वाघाच्या तोलाचं. तरी एका विक्रेत्यानं मला ‘आतला माल’ म्हणून फोनवर फोटो पाठवले, सोबत ‘कुणाला दाखवू नका’ हेही. ज्यांना ते घेऊन वर आपण निसर्गप्रेमी असल्याचं सांगायचं आहे त्यांनी सांगावं. आमच्या टँकमधले दगड सिरॅमिकचे आहेत आणि त्यांवर मश्रूम आणि झोआ हे प्रवाळांचे बिनसांगाड्याचे भाऊबंद वाढतात, दुसऱ्या एका छांदिष्टाच्या टँकमधून कापून आणलेल्या तुकड्यांवरून. दिसायला कमी ऐटबाज. वाढतात मात्र असे की आता मलाच तुकडे द्यायला माणसं शोधावी लागतात. झोआ हाताळताना हातमोजे घालायचे, काहींच्या अंगात भयंकर विष असतं.

क्लाउनफिशची जोडी आहे तीही समुद्रातून पकडलेली नाही, हॅचरीत जन्मलेली आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं आपल्याकडं त्यांची पैदास करून दाखवली आहे, तेव्हा समुद्रातलेच मासे मागायला काही कारण उरत नाही. या जातीत सगळे नर म्हणूनच मोठे होतात. गटातला सगळ्यात मोठा आणि दांडगा असतो तो मादी होतो. ती गेली तर तिच्याखालचा नर मादी होऊन गादी चालवतो. आमच्यातली मोठी दुसऱ्याला कोपऱ्यात रेटते आणि आधी स्वतः खाते. सासूबाईंनी हे दोन मिनिटं बघितलं, मग नवऱ्याकडं बघून म्हणाल्या, ‘‘बघ, घर असं चालतं.’’

एक हिशेब अजून लागत नाही. दर पंधरवड्याला मी थोडं पाणी बदलते आणि काढलेलं पाणी खारं असतं. आरओचं टाकाऊ पाणी दहा कामांना येतं, हे एकाही नाही. तुळशीला घालता येत नाही, फरशीवर पांढरी रेघ उठते. उसाला पाणी पाजून पाजून, क्षार चढून चोपण झालेल्या जमिनी जिल्ह्यात आधीच पुष्कळ आहेत, त्यात माझी भर नको. नाइलाजानं ते मोरीत जातं.

यंदा पोरानं एक प्रयोग मांडला. काढलेलं पाणी परातींत ओतून गच्चीवर ठेवलं. आमच्या उन्हात परात कोरडी व्हायला वेळ लागत नाही. समुद्राचं पाणी आटतं तेव्हा क्षार एका ठरलेल्या क्रमानं खाली बसतात. पहिल्यांदा चुनखडीचा बारीक पापुद्रा, म्हणजे पुन्हा आमची फरशीच. मग जिप्सम. पाणी दहाव्या हिश्श्यावर आलं की मिठाचे चौकोनी खडे. सगळ्यात शेवटी राहतं ते मॅग्नेशियमचं कडू, चिकट पाणी, ते हवेतली ओल ओढत असल्यानं सहजी वाळत नाही. पोरानं जीभ लावून बघितली आणि अर्धा तास तोंड वाकडं करून हिंडला. आता त्याला वेगवेगळ्या परातींत वेगवेगळे क्षार धरायचे आहेत, त्यासाठी त्यानं आणखी तीन पराती मागितल्यात. सासूबाईंनी साफ नकार दिलाय. गच्ची कुरडयांसाठी आहे, पराती कुरडयांच्या चिकासाठी, आणि घरात समुद्राला जेवढी जागा द्यायची तेवढी दिलेली आहे.